पानसुद्धा हलत नव्हतं

छावणी,
१२ जानेवारी २०२५

ती. तात्या,

पाया पडते, पण वाकून नाही. कंबर धरली आहे. सकाळपासून चार तास रायफल घेऊन जमिनीवर पालथी पडले होते. मोठी आई म्हणेल, पोरगी नोकरीला गेली का लोळायला? तिला सांगा, लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या कोर्सात लोळायचाच पगार मिळतो.

आल्या दिवशीच आमचे फोन जमा करून घेतले. रविवारी दहा मिनिटं देतात आणि ती दहाही मिनिटं आई रडण्यात घालवते. म्हणून हे पत्र. तुम्ही नांदूरघाटातल्या निम्म्या लोकांची पत्रं लिहून दिलीत, तेव्हा सख्ख्या पुतणीला उत्तर द्यायचा आळस करू नका.

आता रडगाणं. चाळीस जणांत मी एकटी मुलगी. तीनशे मीटरपर्यंत माझा हात कुणी धरू शकत नाही. आठशे मीटरवर मात्र माझी पुरती शोभा होते. काल माझ्याजवळची झंडी लोंबत होती, निशाणाजवळचीही लोंबत होती. वारा नाही असं धरून मी सरळ नेम साधला. गोळी मीटरभर उजवीकडे! दुसरी मारली, तीही तिथेच. मागे पोरं खिदळायला लागली. आमचे शिकवणारे उस्ताद हरिओम म्हणून हरियाणाचे आहेत. त्यांनी मला उठवलं आणि मधल्या ओढ्यापर्यंत चालत नेलं. तिथे पाऊल ठेवलं आणि डोक्यावरची टोपी उडाली. दोन्ही टोकांना शुकशुकाट आणि मधे वारा. गोळी त्या वाऱ्यातून जाताना बाजूला सरकली, एवढंच. पण तो वारा मला इकडे पडल्या पडल्या कळायचा कसा?

पंधरा फेब्रुवारीला वाऱ्याची परीक्षा आहे. नापास झाले की पुन्हा गेटवरचा पहारा. आसारामला वारा कळतो असं सगळा तालुका म्हणतो ना? मग मला शिकवा.

तुमची
मोहिनी


नांदूरघाट,
२३ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस तात्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं सरकारी शिक्का बघून अर्ध्या गावाला सांगितलं की आसारामला कागद आलाय, त्यामुळं पंधरा जण चौकशी करून गेले. तुझ्या मोठ्या आईला पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "मरू द्या ती बंदूक. पोरगी जेवती का न्हाई ते ईचारा." म्हणून विचारतो. जेवतेस ना?

तुझ्या उस्तादाला माझा रामराम सांग. माणूस शहाणा दिसतो. पण तो जे सांगतो ते आम्ही मेंढरं राखणारे काठी धरायच्या वयात शिकतो. वारा कधी एक नसतो, बाई. पायाशी एक, मधे दुसरा, पलीकडं तिसरा. जवळचा गालाला कळतो. मधला डोळ्यानं बघावा लागतो. गवताचा शेंडा किती झुकतो आणि परत उठायला किती वेळ लावतो ते बघ. उन्हात दूर जमिनीवरून वाफ थरथरते ना, ती सरळ वर चढत असेल तर वारा नाही. आडवी वाहायला लागली तर आहे, आणि जेवढी आडवी तेवढा जोर. तुझ्या दुर्बिणीतून ती झकास दिसेल. आणि घाई करू नको. वारा दम खाऊन येतो, दम खाऊन जातो. त्याचा एक फेरा पुरता बघायचा आणि मगच हात हलवायचा.

आपल्या सटवाईच्या खिंडीचंच घे. खाली खोलगटात मेंढरं बसवली की विडी पेटवायला हाताचा आडोसा लागत नाही, पानसुद्धा हलत नाही. समोरच्या टेकाडावर खडकामागंही तसंच. आणि दिवस कलला रे कलला की मधे खिंडीत असं वारं सुटतं की कोकरू उभं राहत नाही. माघात तर रोजचंच. मी आणि तुझा बाप लहानपणी त्यात हात सोडून उभे राहायचो, कोण आधी पडतो ते बघायला. नेहमी मीच पडायचो. ज्यानं ती खिंड ओळखली त्याला जगातला कुठलाही वारा फसवायचा नाही.

एवढी विद्या फुकट दिली आहे. पास झालीस की पेढे लागतील.

तुझा तात्या
आसाराम


छावणी,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. तात्या,

पेढे घ्या! पंधरापैकी तेरा गोळ्या लागल्या. कोर्सात दुसरी आले. दुर्बिणीतून वाफ बघितली, ती ओढ्यावर आडवी धावत होती. दोन फेरे नुसती बघत पडले, मागचे कंटाळून खोकायला लागले तरी हलले नाही. मग डावीकडे धरून मारली ती बरोबर मधोमध. उस्तादांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हटलं, माझे मोठे चुलते, मेंढरं राखतात. ते सगळ्या वर्गाला म्हणाले, त्यांनाच इथे बोलवा, मी गावी जातो.

सगळा वेळ मी आपली खिंड डोळ्यांपुढे ठेवली होती. दोन्ही टोकांना शांत, मधे वारा. दिवस कलला की सुटणारा. माघात रोजचा.

तात्या, वरच्या ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. आता दोन तासांनी पुन्हा बसले आहे. 

माझे वडील, आबा, त्याच खिंडीत गोळी लागून गेले. २०१२ चा माघ होता आणि दिवस कललेला होता. खटला उभा राहिला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, पण आईला चिकटून कोर्टात बसले होते आणि शब्दन् शब्द ऐकला होता. आरोपी ख्वाजामिस्त्री म्हणाला होता, मी टेकाडावरच्या खडकामागून रानडुकरावर नेम धरला. डुक्कर दगडापाशी होतं. शेजारच्या घाणेरीच्या झुडपामागे नाथा (म्हणजे आबा) आहे हे मला माहीतच नव्हतं. सरकारी वकील म्हणाले, दगड आणि झुडूप यांच्यात चार हातांचं अंतर. पाचशे पावलांवरून हमखास नेम साधणारा हा माणूस चार हात चुकेल कसा? आठच दिवसांपूर्वी मेंढरं याच्या हरभऱ्यात शिरली म्हणून यानं नाथाला 'गोळी घालीन' म्हटलं होतं. म्हणजे नेम डुकरावर नव्हताच. मग ख्वाजाच्या वकिलानं तुम्हाला वाऱ्याचं विचारलं. तुम्ही म्हणालात, "पानसुद्धा हलत नव्हतं." तुमच्या शब्दापुढे कुणाचं काय चालणार? ख्वाजाला जन्मठेप झाली.

तात्या, तुम्ही खोलगटात होता. तिथे पान हलत नाही हे तुम्हीच लिहिलंत. खिंडीचं तुम्हाला कुणी विचारलंच नाही का? मी आज उस्तादांच्या तक्त्यावरून हिशेब काढला. तसल्या जुन्या, बोथट गोळीला पाचशे पावलांवर खिंडीतला वारा चार हात सहज ढकलतो. आणि तो वारा दगडाकडून झुडपाकडेच वाहतो. नेम डुकरावर असेल तर तो अपघात होता, फार तर दोन वर्षांची शिक्षा. माणूस तेरा वर्षं आत आहे.

मीच काही चुकीचं समजत असेन तर मला लवकर कळवा. 

मोहिनी


नांदूरघाट,
१२ मार्च २०२५

चि. मोहिनीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मेंढरांना खुरकूत झाली होती, डॉक्टर दोनदा येऊन गेला. काळी मेंढी व्यायली, जुळं झालं. ऊन आत्ताच कडक पडलं आहे. तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणून केजला दाखवून आणलं. तुझ्या मोठ्या आईनं, साखराबाईनं, तुझ्यासाठी शेवया करून ठेवल्यात, कुणी तिकडं येणारं असेल तर धाडू.

तू लिहिलंस ते वाचलं. बाई, कोर्टाचं कोर्टानं बघितलं. तिथं शिकलेली माणसं होती. तू तेव्हा एवढीशी होतीस, काय ऐकलंस आणि काय मनानं भरलंस ते तुलाच ठाऊक. चार गोळ्या बरोबर लागल्या म्हणून तुला कुणी न्यायाधीश केलेलं नाही. ज्यानं तुझ्या आईचं कुंकू पुसलं त्याची वकिली तू करतेस? मला हे बरं वाटलं नाही. तुझं पत्र मी घरात दाखवलेलं नाही, तूही फोनवर हा विषय काढू नकोस.

पास झाल्याचा आनंद आहे. शाळेत पेढे वाटले.

तात्या


छावणी,
१९ मार्च २०२५

तात्या,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात मेंढ्या आहेत, गुडघे आहेत, शेवया आहेत. वारा नाही. जानेवारीत पानभर वारा शिकवणारा माणूस मार्चमध्ये वारा हा शब्दसुद्धा लिहीत नाही.

खिंडीच्या तोंडाशी आज चार पवनचक्क्या उभ्या आहेत. कंपनीनं आधी वर्षभर यंत्र लावून वारा मोजला आणि मग तीच जागा निवडली. पान हलत नाही अशा जागी कुणी पवनचक्की उभी करतं का? सगळा गाव रोज त्या फिरताना बघतो. माझ्या आईच्या दारातूनही त्या दिसतात! आणि इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात प्रश्न आला नाही. माझ्याही नाही.

मी ख्वाजाच्या नावानं बोटं मोडत मोठी झाले. त्याची जिनत माझ्या बाकावर बसायची. मी सगळ्या वर्गासमोर तिची वेणी ओढून म्हणाले होते, तुझा बाप खुनी आहे. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. हे मी तुमच्या एका वाक्याच्या जोरावर केलं.

एकच विचारते. त्या दिवशी, त्या वेळी, खिंडीत वारा होता का? होय की नाही, एवढंच लिहा. आबा गेल्यावर तुम्ही मला लेकीसारखं वाढवलंत. मला तरी खोटं सांगू नका.

मोहिनी


नांदूरघाट,
४ एप्रिल २०२५

मोहिनी,

होय. वारा होता.

एवढं लिहायला मला पंधरा दिवस लागले. आता लिहिलंच आहे तर सगळं लिहितो, मधे थांबलो तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

आपल्याकडं रानडुकरं मारायला निघालेला माणूस आधी मेंढरांच्या तळावर येतो. मेंढरं कुठं आहेत आणि वारं कसं आहे, एवढं विचारल्याशिवाय पुढं जात नाही. भांडण असलं तरी हे चुकत नाही. ख्वाजा स्वतः डुकराला हात लावायचा नाही, पण पीक राखायचा परवाना त्याच्याकडं, नेम त्याचा, म्हणून लोक त्यालाच बोलवायचे. त्या दिवशी सकाळी तो आला. नाथा हरभऱ्याच्या भांडणापायी तोंड फिरवून बसला. मी मात्र बोललो. ख्वाजा म्हणाला, "आसाराम, डुकरांनी लोकांची ज्वारी पार लोळवलीय. आज खिंडीत वारं कसं हाय?" मी आभाळाकडं बघितलं. थंडी होती, खाली धुकं बसलं होतं. मी म्हणालो, "आज वारं न्हाई सुटायचं. बिनघोर मार. आमी खाली खोलगटात हाओत, खिंडीत कुनी न्हाई." तो म्हणाला, "तू म्हनलास म्हंजे झालं," आणि गेला. कोर्टात मी हे लपवलं नाही. उलट मोठ्यानं सांगितलं, की मी सकाळीच त्याला वारं नाही म्हणून सांगितलं होतं आणि वारं नव्हतंच.

दिवस कलला आणि वारं सुटलं. खोलगटात ते लागत नव्हतं, मला कळलं ते मेंढरांवरून. चरणं सोडून सगळ्यांनी खिंडीकडं माना केल्या. त्याच वेळी टेकाडावर चढून ख्वाजाला हाळी द्यायला हवी होती. मी उठलो नाही. सकाळी दिलेला शब्द दुपारी मीच कसा फिरवू? आसारामचा वारा चुकत नाही असं ऐकून ऐकून मी माजलो होतो, मोहिनी. दुसरं कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

तेवढ्यात एक मेंढी बिथरून खिंडीत पळाली. नाथा म्हणाला, "वर ख्वाजा बसलाय, कसा जाऊ?" मी हसलो. म्हणालो, "जा बे, त्यो काय मानसावर गोळी घालतोय?" तो गेला. माझ्या सांगण्यावरून गेला.

आवाज झाला तसा मी पळालो. खिंडीत शिरताच डोक्यावरचा पटका वाऱ्यानं उडाला आणि बाभळीला जाऊन अडकला. तुझा बाप झुडपामागं मेंढीला मिठी मारल्यासारखा पडला होता. मेंढी जिवंत होती.

पंचनाम्याला पोलिसांनी विचारलं, पटका बाभळीवर कसा गेला? मी म्हणालो, दुःखात मीच भिरकावला. खोटं तिथून सुरू झालं. तोवर लोकांनी ख्वाजाला टेकाडावरच धरून बडवलं होतं. तो खिंडीत उतरलाच नाही, त्याच्या अंगाला तो वारा लागलाच नाही. पुढं कोर्टात वकिलानं विचारलं तेव्हा माझं उत्तर ठरलेलं होतं. वारा होता म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, मग सकाळी नाही कसं सांगितलंस? आणि त्या वाऱ्यात, त्या बंदुकीपुढं, भावाला कसा धाडलास? म्हणून म्हणालो, पानसुद्धा हलत नव्हतं. मी बसलो होतो तिथं नव्हतंच हलत. एवढ्याशा खऱ्याच्या आडोशाला मी तेरा वर्षं काढली.

तुला पत्रात वारा शिकवायला बसलो तेव्हा हात नुसता चालत सुटला. तू विचारलंस याचा आनंद एवढा होता की आपण काय लिहितो आहे याचं भान राहिलं नाही.

काल हे सगळं घरात सांगितलं. साखराबाई उठून तुझ्या आईच्या खोलीत गेली. तेव्हापासून दोघी माझ्याशी बोललेल्या नाहीत.

तू सांगशील ते करतो.

आसाराम


छावणी,
११ एप्रिल २०२५

तात्या,

पत्र वाचलं. 

मला वाटलं होतं, फार तर तुम्ही चुकला असाल. वकिलानं नीट विचारलं नसेल, तुम्ही भावाच्या दुःखात बोलून गेला असाल. तुम्ही विचार करून खोटं बोललात आणि नंतर रोज माझ्यासोबत जेवलात, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. तुमच्यावरची माया एका पत्रानं संपत नाही आणि त्याचा मला जास्त संताप येतो.

रविवारी आईला फोन लावला. ती रडली नाही. 

काय करायचं ते विचारता. ख्वाजाची बायको हजराबी केजच्या बसस्टँडबाहेर फळांचा गाडा लावते. तिथे जा. मला लिहिलंत तेच तिच्यापुढे उभं राहून तोंडानं सांगा. चिठ्ठी देऊ नका, मधे कुणाला घालू नका. मग ती नेईल त्या वकिलाकडे जाऊन शपथेवर लिहून द्या. खोट्या साक्षीला शिक्षा असते हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असू दे. गोळी किती सरकते त्याचा हिशेब उस्तादांकडून तपासून घेतला आहे, सोबत जोडते. त्यांनी खाली सही केली आणि कुणाचा खटला म्हणून विचारलं. मी म्हणाले, घरचाच.

मोहिनी


नांदूरघाट,
२७ एप्रिल २०२५

चि. मोहिनी,

जाऊन आलो.

जीपनं केजला उतरलो आणि बसस्टँडला तीन चकरा मारल्या. गाडा दिसत होता, पाय वळत नव्हते. शेवटी हजराबीनंच हाक मारली, "काय आसाराम, वाट चुकलास का?" पुढ्यात पपई चिरत होती. मी सांगायला लागलो. अर्ध्यात तिच्या हातातली सुरी थांबली. गिऱ्हाईक पपई मागत होतं, तिला ऐकू येत नव्हतं.

माझं संपलं तसं ती म्हणाली, "पुन्यांदा सांग. मोठ्यानं सांग." मी पुन्हा सांगितलं. शेजारचा कलिंगडवाला आला, एसटीचे दोन कंडक्टर आले, आपल्या गावचेही तिघं-चौघं होते. ती म्हणाली, "आजून एकदा." मी तिसऱ्यांदा सांगितलं. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. 

मग ती खोक्यावर बसली. म्हणाली, "माझ्या रईसला कुनी गॅरेजवर ठेवीना, खुन्याचं पोर म्हून. जिनतचं लगीन दोनदा मोडलं. मी त्यांना जेलात भेटायला जायची तर बसमंदी बाया सरकून बसायच्या. कावून केलंस रे असं?"  मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले. "माझ्या पायाला काय लागलंय? ऊठ. वकिलाकडं चल." गाड्यावर ताडपत्री टाकली आणि पुढं चालायला लागली. मी मागं.

वकिलानं सगळं लिहून घेतलं. तुझा हिशेबाचा कागद त्यानं तीनदा वाचला. म्हणाला, वाट लांब आहे, हायकोर्टापर्यंत जावं लागेल, पण वाट आहे. माझ्यावर खटला होईल का विचारलं तर म्हणाला, होऊ शकतो. मी म्हणालो, होऊ दे. आणि सही केली.

मेंढरं चुलतभाऊ अंगदच्या हवाली केली आहेत. तुझ्या आईनं आज मला ताट वाढलं. 

आसाराम


केज,
२० मे २०२५

मोहिनी,

मी जिनत. तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्या आमच्या गाड्यावर आल्या होत्या.  अम्मीनं त्यांना बसायला खोकं दिलं. वेणी ओढल्याचं तुझ्या मनात आहे असं त्यांनी सांगितलं. ते राहू दे. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहिते आहे. हे मी अम्मीलाही अजून सांगितलेलं नाही, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

परवा अब्बांना भेटायला गेले. मधे काच असते आणि बोलायला फोन असतो. मी सगळं सांगितलं. खिंड, वारा, बाभळीवरचा पटका, तुझ्या आबांना कुणी धाडलं ते, भर बाजारातलं बोलणं, कागदावरची सही. मला वाटलं होतं ते आनंदानं रडतील, नाहीतर आसारामतात्यांना शिव्या घालतील. मी दोन्हीची तयारी करून गेले होते.

त्यांनी फक्त विचारलं, "खिंडीत वारं होतं?"

"होतं, अब्बा."

"आसारामनं सोता सांगितलं?"

"तीनदा सांगितलं. सगळ्यांसमोर."

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. आम्ही तेरा वर्षं समजत होतो की अब्बांना आपण निर्दोष आहोत हे माहीत आहे आणि ते मुकाट सोसत आहेत. तसं नव्हतं, मोहिनी. आसारामतात्या कोर्टात म्हणाले पानसुद्धा हलत नव्हतं, ते अब्बांनी खरं मानलं. त्यांच्या लेखी आसारामचा वारा चुकूच शकत नव्हता. वारा नसेल तर गोळी नेम धरला तिथेच जाणार. म्हणजे आपण नेम झुडपावरच धरला असणार. म्हणजे नाथा आपल्याला दिसला असणार, डोक्यात भांडण होतं, हात तिकडे गेला, आणि आता आपल्याला ते आठवत नाही. असं त्यांनी स्वतःच्या मनाशी ठरवलं. वरच्या कोर्टात जाऊ म्हणून आम्ही पाया पडलो तेव्हा ते नको म्हणाले होते. आम्हाला वाटलं, दमले असतील. ते मला परवा म्हणाले, "खुन्यानं कशाला अपील करायचं?"

तेरा वर्षं ते दर नमाजला तुझ्या आबांचं नाव घेऊन माफी मागतात. मारल्याची मागतात आणि मारलेलं आठवत नाही याचीही मागतात.

मी त्यांना सांगत होते, वकील काय म्हणाले, अर्ज कधी जाणार, तू पाठवलेला हिशेब कसा आहे. ते ऐकत नव्हते. त्यांनी काचेवर हात टेकला आणि विचारलं, "मंग म्या त्याला मारायला गोळी घातली न्हवती ना?"

मी म्हणाले, "नाही, अब्बा."

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हणाले. वेळ संपल्याची घंटा झाली, शिपायानं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि दंडाला धरून उठवलं. आवाज येत नव्हता, पण काचेपलीकडे त्यांचे ओठ तेच विचारत होते. ते दाराआड जाईपर्यंत मी नाही, नाही म्हणून मान हलवत उभी होते.

जिनत